कंचनकाकींचं मस्ट आणि मे

कंचनकाकी पालीला घाबरत. विजेला घाबरत, डॉक्टरला घाबरत, डॉक्टरच्या कंपाउंडरला त्याहून जास्त घाबरत. दुकानातला फोन वाजला की उठून उभ्या राहत आणि साडी सारखी करत, जणू फोनमधून माणूसच बाहेर यायचा आहे. कुणी फोटो काढायला मोबाइल वर केला तर हातातलं कापडाचं थान तोंडापुढे धरत. जगात त्यांना भीती वाटत नाही अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे इंग्रजी.

माझं नेमकं उलटं. मी विंचू चपलेने मारलेला आहे, अंगावर आलेला बैल छत्री उघडून परत पाठवलेला आहे. पण इंग्रजीचं पुस्तक उघडलं की माझ्या तळहातांना घाम सुटायचा. देवाने दोन अर्धवट बायका घडवल्या आणि पहूरच्या एका कापडदुकानात आणून समोरासमोर बसवल्या, असं आता वाटतं.

आता मी जळगावला लेकीकडे राहते. नात अधूनमधून विचारते, आजी, तू खरंच इंग्रजी शिकवायचीस? मी हो म्हणते. मग ती माझ्याकडे अशी बघते की मीच विषय बदलते. तिला सांगितलं नाही ते इथे लिहिते. माझी फजिती वाचून कुणी हसलं तर हसू दे. त्या वेळच्या मला मीच इतकी हसले आहे की आता वाटेकरी हवेत.

तेव्हा मी पहूरजवळच्या एका शाळेत मराठी आणि भूगोल शिकवत होते. वय चाळिशीच्या पुढे, अंबाडा घट्ट, अक्कल सैल. व्हॉट्सअॅप तेव्हा नुकतंच घरोघरी पोचलेलं. त्या वर्षी शाळेत मुलं कमी झाली. मुलं कमी झाली की शिक्षक जास्त ठरतात, आणि जास्त ठरलेल्याला कुठेही लांब पाठवतात. कागदावर त्याला ‘अतिरिक्त’ म्हणतात. घरातल्या जुन्या कपाटाला म्हणावं तसं. माझं नाव त्या यादीत वर होतं. यावलच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जागा आहे, असं कानावर आलं होतं. घरी सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या. नवरा फिरतीच्या नोकरीत. मला ती यादी स्वप्नात दिसायची.

आणि इंग्रजीचे सर निवृत्त झाले. हेडसर शिक्षकखोलीत येऊन म्हणाले, इंग्रजी घेणारं कुणी असेल तर त्याचं नाव यादीतून निघेल. कुणी वर बघेना. मी हात वर केला. सरांनी विचारलं, बी.ए.ला इंग्रजी होतं का? मी म्हटलं, स्पेशल होतं. स्पेशल माझं मराठी होतं. हात खाली आला तेव्हा तो माझा नव्हताच असं वाटत होतं.

त्याच संध्याकाळी बाजारपेठेतल्या मारवाडी कापडदुकानात साडीला फॉल आणायला गेले. पुढे गादीवर दुकानाचे मालक, सगळं गाव त्यांना बाबूजी म्हणायचं. ऐंशीच्या घरातले, पांढरेशुभ्र, मोजकं बोलणारे. मागे पडद्याआड बायकांचा विभाग, तिथे त्यांच्या दिवंगत धाकट्या भावाची बायको बसायची. तीच कंचनकाकी. साठी ओलांडलेली, चणीने लहान, कमरेला किल्ल्या, चष्म्याच्या काडीला दोरा, ओठांत कायम दोन-तीन टाचण्या. त्यांच्या ओठांत टाचण्या का, हे मला खूप नंतर समजलं. टाचण्या असल्या की कुणी बोलायला लावत नाही.

मी पिशवीतून फॉलचा रंग जुळवायला साडी काढली, आणि साडीबरोबर व्याकरणाचं पुस्तक खाली पडलं. काकींनी उचललं. उघडलेल्या पानावर रिकाम्या जागा भरायच्या होत्या. त्या पान बघत राहिल्या, आणि टाचण्यांच्या फटीतून, कापड फाडताना येतो तेवढ्याच आवाजात, पहिल्या पाच रिकाम्या जागा भरून मोकळ्या झाल्या. इतकं स्वच्छ इंग्रजी मी रेडिओवरसुद्धा ऐकलं नव्हतं. तेवढ्यात पुढून बाबूजी खोकले. काकींनी पुस्तक फॉलच्या गठ्ठ्याखाली सारलं आणि हिरव्या रंगाच्या तीन छटा माझ्यापुढे टाकल्या.

पुढे हळूहळू समजलं. माहेर अजमेरकडचं, शाळा नन्सची. मॅट्रिकला इंग्रजीत पहिल्या आलेल्या. लग्न होऊन पहूरला आल्या तेव्हा पेटीत एक इंग्रजी पुस्तक होतं. थोरले दीर, म्हणजे हेच बाबूजी, पेटी उघडी असताना दारावरून गेले आणि काकींच्या नवऱ्याला म्हणाले, इथे याचं काय काम? एवढंच. पुस्तक पेटीच्या तळाशी गेलं, ते परत वर आलं नाही. मी विचारलं, रागाने म्हणाले का? काकी म्हणाल्या, काय माहीत, मी पदराआड होते.

त्यांच्या घरात सून थोरल्या दिरापुढे चेहरा दाखवत नाही आणि बोलतही नाही. काही हवं असेल तर तिसऱ्या माणसाकडून निरोप. एकाच छपराखाली, वर घर आणि खाली दुकान, चाळीस वर्षं.

मी शिकवण्यासाठी हातापाया पडले. त्यांनी एकच अट घातली.

“बाबूजींना कळता कामा नये, मॅडमजी. मग मला खाली बसू देणार नाहीत.”

मलाही तेच हवं होतं. कुणाला कळलं असतं तर हेडसरांनाही कळलं असतं, आणि मी थेट सातपुड्यात. दोघींचा जीव एकाच गुपितावर टांगलेला. शाळा सुटली की मी रोज दुकानात जायची. त्या वर्षी मी जितके ब्लाउजपीस बघितले तितके गावातल्या सगळ्या नवऱ्यांनी मिळून बघितले नसतील. आमच्या सासूबाई धुळ्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. त्या अंथरुणावरून म्हणायच्या, “इतली काय देखस वं रोज? बठ्ठं दुकानच लई ये ना मग.” म्हणजे, सगळं दुकानच घरी घेऊन ये.

काकींची शिकवायची रीत सांगण्यासारखी आहे. नियम त्यांनी एकदाही सांगितला नाही. त्या थान काढायच्या. मस्ट म्हणताना गादीचं जाड पट्ट्यांचं कापड फळीवर थाडकन आपटायच्या. ते वाकत नाही, त्यात बोलायला जागा नाही. शुड म्हणजे कांजी केलेलं सुती, नको म्हटलं तर परत घडी होते, पण वळ राहतो. कॅन म्हणजे मांजरपाट, रोजच्या कामाचं. कुड म्हणजे तेच मांजरपाट दहा वेळा धुतल्यावर, मऊ आणि नम्र. मे म्हणजे मलमल. आणि माइट म्हणजे जाळीचं, पलीकडचं दिसतं, पण पक्कं काही सांगता येत नाही.

“आधी गिऱ्हाईक बघायचं, मग थान काढायचं,” असं त्या म्हणायच्या. मोठ्या माणसापुढे मस्ट टाकलंत तर तो दुकानातून उठून जाईल, आणि लहान पोरापुढे मे टाकलंत तर ते तुमच्या डोक्यावर बसेल. माझं वाक्य बरोबर आलं की थान आणखी एक घडी उलगडायच्या. चुकलं की काही न बोलता गुंडाळायला लागायच्या. मला त्या गुंडाळण्याची इतकी धास्ती होती की रात्री नवऱ्याने चादरीची घडी घातली तरी मी वाक्य सुधारायची.

त्यांची उदाहरणं पुस्तकातली नसत. मस्टची सगळी स्वतःवर: मी जोरात हसता कामा नये, मी दारात उभं राहता कामा नये, ती सगळी इंग्रजीत, फळीवर आपटून. मेची सगळी बाबूजींना. मे आय गो टू द टेंपल, बाबूजी. मे आय ओपन द विंडो, बाबूजी. मे आय टेक द मेडिसिन नाऊ. हे म्हणताना त्यांची मान खाली जायची, हात डोक्याकडे जायचा, पदर कपाळावरून खाली यायचा, आणि मग वाक्य यायचं. कॅनचं उदाहरण त्यांच्याकडे एकच होतं, आय कॅन रीड. ते इतकं हळू म्हणायच्या की मला पुढे वाकावं लागे.

आता माझी अक्कल बघा. पदर म्हणजे काय हे मला सांगायला नको होतं. मी खानदेशातली सून, लग्नाकार्यात मीही डोक्यावर पदर घेतलेला आहे. पण भीतीने माणूस इतका आंधळा होतो की स्वयंपाक शिकताना शिकवणारीचा खोकलाही तो पाककृतीत धरतो. मी ठरवून टाकलं की मे म्हणायची हीच रीत. अजमेरच्या नन्सनी शिकवलेली. मान खाली, हात डोक्याकडे, मग वाक्य. घरी आरशापुढे मी तसा सराव केला. सासूबाई बघत होत्या. त्यांना वाटलं, माझं डोकं दुखतंय.

आणि मी ते नववीला शिकवलं. मस्ट म्हटलं की बाकावर थाप. मे म्हटलं की मान खाली, हात डोक्यावरून कपाळाकडे. मुलांना तर मजाच आली. वर्षभरात मुलांना कधी जमलं नाही इतकं इंग्रजी आठ दिवसांत तोंडात बसलं. पोरं पाणी प्यायला जातानासुद्धा डोक्याला हात लावून परवानगी मागू लागली. गावातली एक बाई मला विचारून गेली, मॅडम, वर्गात उवा झाल्यात का?

मग जळगावहून साहेब येणार असल्याची चिठ्ठी आली. तपासणी, आणि पाठ इंग्रजीचा. हेडसरांनी मला सांगितलं तेव्हा त्यांच्याच कपाळावर घाम होता. माझ्या पाठाचं नाव मॉडल ऑक्झिलरीज, म्हणजे हेच मस्ट, कॅन आणि मे. ते नाव उच्चारताना माझी जीभ दोन वेळा चावली गेली होती.

साहेब उंच, किडकिडीत, वहीत बारीक लिहिणारे. शेवटच्या बाकावर बसले. मी फळ्यावर तारीख लिहिली, ती चुकली. पुसली, परत चुकली. कसाबसा मस्ट झाला, थापा पडल्या, साहेब दचकले. मग तेच उठले. तिसऱ्या बाकावरच्या मुलीला इंग्रजीत विचारलं, तुला बाहेर जायचंय, काय म्हणशील?

पोरगी उठली. मान खाली, हात डोक्यावरून कपाळाकडे. मे आय गो आउट, सर. आणि सवयीने सगळ्या वर्गाने केलं. मुलं, मुली, मिसरूड फुटलेले मागच्या बाकावरचे, चाळीस हात एकदम वर गेले आणि खाली आले.

तेव्हा मला दिसलं. चाळीस डोक्यांवर चाळीस पदर दिसले. ही रीत नव्हती, ही एका बाईची चाळीस वर्षांची भीती होती, आणि मी ती पोरांना पाठ करायला लावली होती.

हेडसर पंख्याकडे बघत होते. साहेबांनी विचारलं, हे काय आहे? मागून एक पोरगा अगदी सहज म्हणाला, “सर, मे आहे.”

साहेब माझ्याकडे वळले. डोळ्यांपुढे यावलची एस.टी. येऊन उभी राहिली. तोंडातून शब्द निघाले, “कृतियुक्त अध्यापन, सर.” शिक्षकांच्या एका शिबिरात ऐकलेले दोन शब्द ऐन वेळी धावून आले.

“छान. कुठे शिकलात?”

आता इथे एखाद्या सरळ बाईने सरळ उत्तर दिलं असतं. मी म्हणाले, “माझंच आहे, सर.”

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, नावीन्यपूर्ण. मग मोबाइल काढून सगळं परत करून घेतलं, त्याचा व्हिडिओ केला. जाताना म्हणाले, धुळ्याला इंग्रजीच्या शिक्षकांचं प्रशिक्षण आहे, तिथे तुम्ही हे सादर करा. हेडसरांनी मला पेढा दिला. तो मी रुमालात बांधून सासूबाईंना नेऊन दिला.

व्हिडिओ शिक्षकांच्या ग्रुपवर गेला, तिथून पालकांच्या, तिथून गावाच्या. तिसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तर मागच्या विभागात एक सेल्समन बसलेला. काकींची तब्येत बरी नाही, त्या वरच असतात, म्हणाला. चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशीही. मी समजले, व्हिडिओ त्या घरातही पोचला होता. कुणी काही म्हणालं नव्हतं. काही म्हणायच्या आधीच त्या आपल्या पायाने वर गेल्या होत्या.

सहाव्या दिवशी मी पायरीवरूनच परत फिरत होते तर बाबूजींनी हाक मारली. “मास्तरीणबाई, जरा बसा.”

मी गादीच्या कडेला टेकले. गादीची कड घसरत होती आणि तिच्याबरोबर मीही. बाबूजींनी चष्मा लावला, मोबाइल लांब धरला आणि तो व्हिडिओ लावला. पूर्ण बघितला. परत लावला. मग विचारलं, हे पोरांना तुम्हीच शिकवलं का?

मनात हिशोब करायला मला एक श्वास पुरला. हो म्हटलं की मी वाचते, काकीही वाचतात. एका खोट्यात दोघी. मी म्हणाले, हो, बाबूजी.

त्यांनी मोबाइल उलटा करून गादीवर ठेवला. बाहेरून केळ्यांचा ट्रक गेला, काचेची शोकेस थरथरली. मग म्हणाले, “चाळीस वरसं झाली. मी त्यांचा चेहरा पाहिला नाही, आवाज ऐकला नाही. पण हा हात ओळखतो. हा आमच्या घरचा आहे.”

मी सगळं सांगितलं. फॉलपासून मलमलीपर्यंत. बोलताना इतकी रडले की त्यांनी नोकराकडून पाणी मागवलं. पेटीतल्या पुस्तकाचंही सांगितलं. बाबूजी आठवत राहिले. त्यांना आठवलं नाही. पुस्तक आठवलं नाही, पेटी आठवली नाही, आपण दारावरून गेलो होतो हे तर नाहीच.

मग म्हणाले, त्यांना सांगा खाली या. मागच्या विभागात बायका येऊन परत जातात. मी म्हटलं, तुम्हीच सांगा ना. ते माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले की जणू मी त्यांना आकाशात उडायला सांगितलंय. आम्ही बोलत नाही, म्हणाले. निरोप तुम्हीच न्या.

मी वर गेले. काकी खिडकीपाशी बसलेल्या, खिडकी बंद. मला बघून त्यांनी आधी जिन्याकडे पाहिलं. मी निरोप सांगितला, जसाच्या तसा. त्यांनी ओठांतल्या टाचण्या काढल्या, एकेक करून उशीत खोचल्या.

“तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलताय, मॅडमजी,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला सवय आहे.”

रागाने नव्हतं म्हटलेलं. काळजीनेच म्हटलं होतं. म्हणून जास्त लागलं. मी शपथ घेतली, देवाची घेतली, सासूबाईंची घेतली. त्या फक्त मान हलवत राहिल्या. साहेबांना मी काय सांगितलं होतं ते त्यांच्यापर्यंत कुणाकडून तरी पोचलं होतं. त्यांना त्याचा राग नव्हता. पण माझ्या शब्दावर खाली उतरण्याइतकी माझी पत उरली नव्हती. खरा निरोप होता आणि तो द्यायला मी खोटी बाई होते.

धुळ्याचं प्रशिक्षण आठ दिवसांवर होतं. त्या आठ दिवसांत मी जेवले किती आणि झोपले किती हे विचारू नका. सासूबाई म्हणाल्या, इतली काबर घाबरस वं तू, माले काही व्हयनं का? मी म्हटलं, तुम्हाला काही नाही झालं, मलाच होणार आहे.

धुळ्याच्या एका शाळेचं सभागृह होतं. खानदेशातल्या गावोगावच्या शिक्षकांनी भरलेलं. पुढच्या रांगेत साहेब. मला माइकपाशी नेलं, मागे पडद्यावर व्हिडिओ चालू झाला, हशा पिकला, टाळ्या पडल्या. माइक धरला तर माझ्याच हाताची खरखर सभागृहात ऐकू आली. मी तयारी करून आणलेला कागद उलटा ठेवला.

मी म्हणाले की ही रीत माझी नाही. लोक हसले, विनय वाटला त्यांना. मी म्हणाले, मला इंग्रजी येत नाही. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं नव्हतं, मी खोटं सांगितलं होतं. आता कुणी हसलं नाही. साहेबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग मी सांगितलं की पहूरच्या एका कापडदुकानात कंचनबाई नावाच्या बाई बसतात, मला येतं तेवढं सगळं त्यांनी शिकवलं, आणि थानं आपटायची ती त्यांचीच रीत आहे. डोक्याकडे जाणारा हात मात्र रीत नाही. तो कुणीही शिकवू नका. तुमच्या वर्गात कुणी शिकवला असेल तर उद्या जाऊन मोडा.

एवढं बोलून मी बसले. पाणी मागितलं तर कुणी लगेच उठलं नाही. शेवटी चहावाल्या बाईने दिलं.

कुणीतरी हेही मोबाइलवर घेतलं होतं. एस.टी.त बसायच्या आत माझ्याच फोनवर आलं. दुसऱ्या दिवशी हेडसरांनी मला बोलावलं. मला काही फार बोलले नाहीत. माझं नाव यादीत सगळ्यात वर गेल्याचं त्यांनी सांगितलं आणि खिडकीकडे बघू लागले.

पुढचंही सांगून टाकते, म्हणजे मनात राहायला नको. मी यावलच्या पलीकडे गेले. भीतीने इतकी वर्षं मोठं केलेलं ते गाव केळीच्या बागांमागे दडलेलं होतं, दिवसातून दोन एस.टी. होत्या, आणि शाळेतली मुलं माझी भूगोलाची चित्रं बघून हसायची. सासूबाईंना जीपमध्ये आडवं घालून नेलं. वाटेत म्हणाल्या, आते माले बठ्ठा सातपुडा दखाड मग. तिथे तीन वर्षं काढली. तिसऱ्या वर्षी कंचनकाकी गेल्याचा फोन आला. एका सकाळी, दुकान उघडायच्या आधी. मला जायला एस.टी. मिळाली नाही. म्हणून मला त्यांचं शेवटचं दर्शन आठवतं ते हेडसरांनी बोलावलं त्याच संध्याकाळचं.

मी फोन घेऊन वर गेले. काही न बोलता धुळ्याचा व्हिडिओ लावून त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्या आधी थोड्या मागे सरकल्या. मग माझा आवाज आला, खरखरता, रडवेला. मी किती कुरूप बोलते ते मला त्या खोलीत समजलं. त्यांचं नाव माइकवरून निघालं तेव्हा काकींनी चष्मा सारखा केला. डोक्याकडे जाणाऱ्या हाताचा भाग आला तेव्हा त्यांनी मला परत लावायला सांगितला. तीनदा बघितला.

मग विचारलं, “आता तुमचं काय होणार?”

“जावं लागेल.”

“म्हणजे हे खरं बोललात.”

त्या उठल्या. तोंड धुतलं, केस विंचरले, किल्ल्या कमरेला लावल्या. मला पुढे व्हा म्हणतील असं वाटलं होतं, पण त्याच पुढे झाल्या. जिना अरुंद, लाकडी. मी वरच्या पायरीवर थांबले. त्या भिंतीला हात लावत एकेक पायरी उतरत होत्या. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती, आणि टाचा. टाचा थरथरत होत्या. प्रत्येक पायरीवर आधी थरथर, मग पाऊल.

बाबूजींना पायऱ्यांचा आवाज ओळखू आला असावा. ते गादीवर हळूहळू फिरले आणि पाठ जिन्याकडे करून रस्त्याकडे बघत बसले. काकी खालून तिसऱ्या पायरीवर थांबल्या. खूप वेळ थांबल्या. मला वाटलं, आता वळतील. मीच वळायच्या बेतात होते.

पडद्यापाशी एक बाई अस्तर घ्यायला येऊन ताटकळली होती. सेल्समन कुठे दिसत नव्हता. ती इकडेतिकडे बघत होती.

“काय दाखवू?” कंचनकाकींनी तिला पायरीवरूनच विचारलं. बाबूजींना स्वच्छ ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारलं.